वाचून दाखवणारी

नवनगर, ७ जुलै २०२५

अक्का,

हा मेल कुणाचा आहे ते तुझ्या फोनने आधीच सांगितलं असेल. नाव ऐकून थांबली नसलीस तर पुढचं ऐक. सहा वर्षांनी लिहिते आहे, आणि कामासाठीच लिहिते आहे.

तुझा फोन मराठी नीट वाचतो का? मी हे पत्र आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरकडून एकदा वाचून घेतलं. त्याने 'हुबळी'ची 'हुबली' केली आणि सगळं पत्र बातम्या सांगणाऱ्या बाईने लिहिल्यासारखं वाटलं. तसं ऐकू आलं तर ती मी नव्हे.

तुला माहीत नसेल म्हणून सांगते, गेली चार वर्षं मी इथल्या एका सरकारी ऑफिसात कंत्राटावर आहे. दिव्यांगांची ओळखपत्रं, त्यांचं नूतनीकरण, पास, दाखले, सगळं आता पोर्टलवर चालतं. आपल्याकडच्या अर्जांचं पोर्टल मी सांभाळते. गेल्या महिन्यात बेंगळुरूहून आदेश आला. डोळ्यांनी न दिसणारा, कानांनी न ऐकू येणारा, हात न चालणारा, कुणीही असो, त्याला पोर्टल स्वतःचं स्वतः वापरता आलं पाहिजे. तसं आहे की नाही ते तपासून प्रमाणपत्र पाठवायचं. सोबत बेचाळीस प्रश्नांची यादी. आमचे हणमंत साहेब म्हणाले, "दीपश्री, यादी दिलीय की त्यांनी. टिक करा, सही करा. आयतु." आयतु म्हणाले की त्यांच्या दृष्टीने काम झालं.

मी तू वापरतेस तो, स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर उतरवून घेतला, कानाला लावला आणि आमचं पोर्टल उघडलं. "ग्राफिक. ग्राफिक. लिंक. बटण. बटण. बटण." कसलं बटण, ते काही सांगेना. आधी मी बघत बघत ऐकत होते, म्हणून कळत होतं. मग स्क्रीन बंद केला. अर्धा तास बसले. अर्जाच्या पहिल्या पानापर्यंतसुद्धा पोचता आलं नाही. आणि अक्का, त्यातली निम्मी पानं मीच बनवली आहेत.

तू हे रोज करतेस, हे मला माहीत होतं. म्हणजे, माहीत आहे असं वाटत होतं.

प्रमाणपत्र अजून पाठवायचं आहे. म्हणून विचारते, तपासायला सुरुवात कुठून करायची? तू तिथे म्हैसूरला मुलींना कॉम्प्युटर शिकवतेस असं कळलं. तुझ्याइतकं हे कुणाला ठाऊक असणार? रायचूरचा विषय मी इथे काढत नाही. हे फक्त कामाचं.

अप्पा बरे आहेत. आई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. तुझं नाव काढत नाहीत, पण पेपरात म्हैसूरला पाऊस किती झाला ते बघतात.

पूर्वी शेवटी 'तुझी दीपू' लिहायची. आता काय लिहावं कळत नाही.

दीपश्री

नवनगर, १९ जुलै २०२५

अक्का,

तुझं उत्तर आलं. "माऊस काढून ठेव. नुसत्या कीबोर्डने शेवटपर्यंत जाऊन दाखव. कॅप्चा आधी बघ." एवढंच. मी ते बऱ्याचदा वाचलं. चिडून लिहिलंस की घाईत लिहिलंस, काही कळलं नाही. पण सांगितलंस तसं केलं.

कीबोर्डने मी चौथ्या रकान्यात अडकले. तारीख निवडायची खिडकी उघडली ती बंदच होईना. आणि कॅप्चा! ती वाकडीतिकडी अक्षरं ओळखून लिहायची, म्हणजे समोर माणूस आहे हे सिद्ध होतं. दिव्यांगांच्याच पोर्टलवर आम्ही ते ठेवलंय. बाजूला कानाचं चित्र आहे, ऐकायचं असेल तर दाबा म्हणून. मी दाबलं. चित्रच आहे ते, मागे काहीही नाही. आजवर एकाही माणसाने तक्रार केलेली नाही. कशी करणार? तक्रारीच्या पानावरही तोच कॅप्चा आहे.

परवा प्रेमानंद आले. त्यांच्याबद्दल तुला सांगायचंच आहे. अडतीसेक वर्षांचे. हुबळीचेच, घरी मराठी बोलणारे. गोकुळ रोडला धातूवर मुलामा देण्याच्या कारखान्यात कामाला होते, आठ वर्षांपूर्वी ॲसिड तोंडावर उडालं. डोळे गेले, पापण्याही गेल्या. मार्चमध्ये ओळखपत्राची मुदत संपली, म्हणून बसचा पास बंद झाला. टेलिफोन ऑपरेटरचं शिक्षण घ्यायला रोज धारवाडला जातात. परीक्षेचा फॉर्म भरायला चालू ओळखपत्र लागतं, आणि फॉर्मची शेवटची तारीख वीस ऑगस्ट.

नूतनीकरणात आता चेहरा तपासतात. फोन समोर धरायचा आणि तो सांगेल तसं करायचं. मी धरला. फोन कन्नडमध्ये म्हणाला, "कण्णु मिटुकिसि." डोळे मिटा आणि उघडा.

प्रेमानंद काळा चष्मा काढून तसेच बसून राहिले. फोनने परत सांगितलं. मग परत. तिसऱ्यांदा म्हणाला, पडताळणी अयशस्वी, उद्या प्रयत्न करा.

"मॅडम," ते म्हणाले, "पापणी असती तर मिटली असती की. याला म्हणावं, तुझ्याकडे जास्तीच्या असल्या तर दे दोन."

हणमंत साहेब हसले. मग आपण हसलो हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते चहा सांगायला म्हणून उठून गेले. वाईट माणूस नाही तो. त्यांनाही काय करावं ते कळत नव्हतं.

प्रेमानंद म्हणाले, आजवरचे सगळे अर्ज बाजारातल्या सायबर दुकानात भरले. दुकानदाराला त्यांचा पासवर्ड माहीत, ओटीपीही तोच वाचतो. "माझ्या नावावर काय काय भरलंय ते मला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे."

तुला वाटेल, मी हे मुद्दाम तुला ऐकवते आहे. तसं नाही, किंवा असेलही. अक्का, तेव्हाही मी तुला हेच सांगितलं होतं. त्या भरतीच्या पानावरची बटणं गोंधळाची होती, आणि माझ्याकडून चुकून दाबलं गेलं. तू विश्वास ठेवला नाहीस. आता एवढी गचाळ पानं बघितल्यावर मला वाटतं, कुणाच्याही हातून होऊ शकतं ते. तुला तर माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, ही पानं कशी असतात.

उत्तर दे.

दीपश्री

नवनगर, २ ऑगस्ट २०२५

अक्का,

तुझ्या दुसऱ्या मेलमध्येही एकच वाक्य. "तो माणूस स्वतः बसला होता, की शेजारी बसून तू त्याला वाचून दाखवत होतीस?"

मी वाचून दाखवत होते. अर्थात मीच. तू विचारेपर्यंत मला त्यात काही चुकीचं वाटलं नव्हतं.

म्हणून आठवडाभर खपून मी पोर्टलची एक चाचणीची प्रत तयार केली. प्रत्येक बटणाला नाव दिलं, चित्रांना शब्द दिले, ती तारखेची खिडकी काढून साधा रकाना ठेवला. पुढचं अजून व्हायचंय, चेहऱ्याचं तर माझ्या हातातच नाही. पण स्वतःची नोंद उघडून ऐकता येईल एवढं झालं. काल प्रेमानंदांना बोलावलं, खुर्चीवर बसवलं, हेडफोन दिला, आणि मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

अक्का, हे किती कठीण आहे! ते चुकीच्या पानावर गेले की माझे हात उठायचे. दोनदा मी उभी राहिले. ते म्हणाले, "बसा मॅडम, खुर्चीचा आवाज येतोय."

वीसेक मिनिटांनी नोंद उघडली. नाव, वडिलांचं नाव, पत्ता. मग ते एकदम थांबले. हेडफोन काढून म्हणाले, "हे मोठ्याने लावता येतं का?"

मी स्पीकर चालू केला. त्यांनी बाणाचं बटण दाबलं.

"शिक्षण. निरक्षर."

"कुणाचं हे?"

"तुमचंच," मी म्हटलं. "पाच वर्षांपूर्वीचा अर्ज आहे."

"मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलोय. धारवाडला." पुन्हा बाण दाबला. "शिक्षण. निरक्षर." पुन्हा. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "त्या दुकानवाल्याने विचारलं होतं, सही येते का म्हणून. मी म्हटलं, आता नाही येत. तेवढंच विचारलं होतं त्याने."

मला वाटलं, चिडतील. चिडले नाहीत. आणखी दोनदा तेवढीच ओळ ऐकली. मग विचारलं, "म्हणूनच का मॅडम? शिष्यवृत्तीला अर्ज केला होता, त्याचं पत्र मला कधी आलंच नाही, ते म्हणूनच का?" असेलही. नसेलही. पाच वर्षांचं आता कोण सांगणार?

घरी आले, श्रीनिधीने विचारलं काय झालं, तर नवऱ्यालाही 'ऑफिसचं' एवढंच म्हटलं. तुला मात्र एक गोष्ट सांगायला हवी. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, प्रमाणपत्र अजून पाठवायचं आहे. ते खरं नव्हतं. सही मी चार जुलैलाच केली होती, म्हणजे तुला लिहिण्याच्या तीन दिवस आधी. बेचाळीस प्रश्नांपुढे बेचाळीस टिका. 'प्रत्यक्ष दृष्टिहीन व्यक्तीकडून तपासले' यापुढेही. सही करून झाल्यावर तीन दिवस झोप धड लागेना, म्हणून तो स्क्रीन रीडर उतरवला आणि मग तुला लिहिलं.

का खोटं सांगितलं? तुझ्यापुढे बरं दिसावं म्हणून असेल. मला धड कळत नाही. आपण होऊन खोटं बोलतोय हे त्या क्षणी जाणवतच नाही. नंतर वाचताना दिसतं.

आता काय करू ते सांग. सही मागे घेतली तर साहेब अडचणीत येतील, त्याखाली त्यांचीही सही आहे. माझं कंत्राट सप्टेंबरात संपतं. मागे नाही घेतली तर प्रेमानंदांचा अर्ज आमच्या कागदावर कधीचाच सुलभ झालेला आहे, मग दुरुस्त कोण करणार?

तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?

दीपश्री

नवनगर, २४ ऑगस्ट २०२५

अक्का,

उत्तर आलं नाही. बरोबरच आहे. तुझ्याबद्दलचं मी कधी तुला विचारलं नाही, आणि माझ्याबद्दलचं तुला विचारत बसले.

पाच तारखेला मी बेंगळुरूला लिहिलं की आमचं प्रमाणपत्र चुकीचं आहे, मी न तपासता सही केली, ते रद्द समजावं. साहेबांना आधी सांगितलं. त्यांनी प्रमाणपत्राची प्रत काढून स्वतःची सही बघितली. मग म्हणाले, "माझी निवृत्ती पुढच्या वर्षी आहे, एवढं तरी लक्षात ठेवायचं होतं." ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मला वाटलं होतं, पुढे सगळं मार्गी लागेल. झालं काय, ते ऐक. सहा तारखेला वरून हुकूम आला की दोष दूर होईपर्यंत पोर्टल बंद ठेवा. पूर्ण बंद. काउंटरवरचे अर्जसुद्धा त्याच पोर्टलमधून जातात, म्हणून काउंटरही बंद. बाहेर गर्दी. कलघटगीहून तानूबाई म्हणून एक बाई आल्या, पोलिओ झालेल्या, कुबड्यांवर, दोन बस बदलून. परत पाठवलं. आठवड्याने पुन्हा आल्या, पुन्हा परत पाठवलं. त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आधी चालू होतं की चांगलं. कुणाला काय खुपलं?" त्यांना दिसतं. कॅप्चा त्यांचा मुलगा वाचत होता. त्यांचं खरोखरच चाललं होतं चांगलं.

पोर्टल काल उघडलं. वीस तारीख गेली. प्रेमानंदांची परीक्षा गेली.

मी त्यांना फोन केला. म्हटलं, माझ्यामुळे झालं. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही सही मागे घेतली ते बरं केलं का वाईट, ते मला विचारू नका. फेब्रुवारीत परत परीक्षा आहे. तोवर तिकीट काढून जातो." मग म्हणाले, "फोन करून सांगितलंत, हे मात्र बरं केलंत. आजवर माझं काय काय गेलं ते मला नंतर तिसऱ्याकडूनच कळलंय."

अक्का, त्या बोलण्यानंतर मी आठ-दहा वेळा हे पत्र सुरू केलं आणि पुसलं.

तुलाही तिसऱ्याकडूनच कळलं होतं. तीन वर्षांनी, धारवाडच्या बसस्टँडवर. तुमच्या बॅचचा तो मुलगा तुझा आवाज ओळखून जवळ आला आणि म्हणाला, तू रायचूरची नोकरी नाकारलीस म्हणून प्रतीक्षा यादीतून मला मिळाली, तुझे उपकार आहेत. आणि तू उभ्या उभ्या त्याचं अभिनंदन केलंस, हे तू मला नंतर सांगितलंस. घरी येऊन तू मला एकच विचारलंस, आणि मी म्हटलं, पान गोंधळाचं होतं, चुकून दाबलं, मग तुला सांगायची भीती वाटली. म्हणून यादीत तुझं नावच नाही असं सांगितलं.

ते पान गोंधळाचं नव्हतं. गेला दीड महिना मी गोंधळाची पानं काय असतात ते बघते आहे, म्हणून आता हे शब्द मला वापरता येत नाहीत. तुला ते वाचता येत नव्हतं, तो त्या पानाचा दोष. मला येत होतं. त्यावर दोन बटणं होती. एकावर 'ओप्पिगे', दुसऱ्यावर 'ओप्पिगे इल्ल'. मान्य, आणि मान्य नाही. मी दुसरं दाबलं. मग एक खिडकी उघडली. त्यात विचारलं होतं, खात्री आहे का, हा निर्णय बदलता येणार नाही. मी होय दाबलं. मग ओटीपी आला, माझ्या फोनवर, कारण तुझ्या अर्जात नंबर मीच माझा घातला होता. सहा आकडे. ते मी एकेक करून टंकले. सहा आकडे चुकून टंकले जात नाहीत, अक्का.

का केलं, हे मला सांगता आलं तर सांगितलं असतं. आईला तेव्हा अर्धांगवायू होऊन वर्ष झालं होतं. तिला कुशीवर वळवायला दोघी लागायच्या. माझं लग्न मे महिन्यात ठरलं होतं, आणि तू गेलीस तर ते पुढे जाणार, कदाचित मोडणार. हे एक कारण. रायचूरला तू एकटी कशी राहशील ही काळजी, हेही होतं, ते खोटं नव्हतं. आणि एक असं आहे जे मी श्रीनिधीलाही कधी सांगितलं नाही. ती परीक्षा मीही दिली होती. तुला माहीत आहे. मी नापास झाले. तुला पुस्तकं वाचून दाखवून, रेकॉर्ड करून देऊन मी नापास झाले, आणि तू ऐकून पास झालीस. त्या दिवशी बटण दाबताना यातलं कुठलं कारण किती होतं? खरंच सांगते, मी शोधायला जाते तेव्हा दर वेळी वेगळंच सापडतं.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

एक कामाचं. बेंगळुरूहून सांगितलंय, आता बाहेरच्या दृष्टिहीन जाणकारांकडून तपासून घ्या. त्यांच्या नोंदणीचं पान उघडलंय, ते मी कीबोर्डने शेवटपर्यंत जाऊन बघितलं, चालतं. तुझं नाव मला सुचवता आलं असतं. सुचवलेलं नाही. तुझं तू बघ, भर किंवा भरू नकोस.

दीपू

नवनगर, ६ ऑक्टोबर २०२५

अक्का,

एव्हाना पोचली असशील. आमच्याकडे काय झालं ते तुला माहीतच आहे, तू इथेच होतीस. तरी लिहिते आहे, कारण एक गोष्ट तुला कळलेली नाही.

आधी ऑफिसचं. स्वतः नाव नोंदवून, तपासायला येऊन शुक्रवारी-शनिवारी तू काढलेल्या अकरा दोषांपैकी सात मी आजच दुरुस्त केले. चेहऱ्याऐवजी अंगठा चालेल असा हुकूम सकाळी लेखी आला, तू साहेबांपुढे बसून त्यांना बेंगळुरूला फोन लावायला लावलास त्याचा परिणाम. साहेब सगळ्यांना सांगत सुटले आहेत, "भार्गवी मॅडमनी मला चाळीस वर्षांत कुणी विचारले नाहीत ते प्रश्न विचारले." तू माझी बहीण आहेस हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. तू सांगितलं नाहीस, म्हणून मीही नाही. माझं कंत्राट वाढवलंय, पण वर्षाऐवजी तीन महिन्यांनी. ही शिक्षा आहे की यंदा सगळ्यांचंच तसं केलंय, कुणी सांगत नाही.

आणि प्रेमानंद दुपारी येऊन गेले. चाळीस मिनिटं लागली. सगळं त्यांनी स्वतः भरलं. मी बाहेर व्हरांड्यात उभी होते. शिक्षणाच्या रकान्यात आता 'पदवी, अपूर्ण' आहे. बाहेर येऊन म्हणाले, "ते अपूर्ण पण काढायचं आता." फेब्रुवारीची तयारी करताहेत.

आता कालचं.

स्टेशनवर यायला नको, घरी येणार नाही, असं तू लिहिलं होतंस. म्हणून काल सकाळी दारात रिक्षा थांबली आणि अप्पा "कोण?" म्हणाले, तेव्हा मला जागचं हलताच आलं नाही. तू पायऱ्या मोजत वर आलीस. नवनगरचं हे घर तुझ्या ओळखीचं नाही, तरी मी हात पुढे केला नाही, ते बरोबर केलं की चूक, अजून ठरवते आहे. अप्पा तुझ्याशी पावसाबद्दल बोलले. अर्धा तास फक्त पावसाबद्दल. मग उठून आत जाऊन त्यांनी स्वतः उप्पिट्टू केलं. गेल्या दोन वर्षांत त्यांनी गॅस पेटवलेला नाही. तू खाल्लंस आणि म्हणालीस, मीठ कमी आहे. ते इतके खूश झाले.

मग तू मला मागच्या अंगणात बोलावलंस आणि पिशवीतून तीन पाकिटं काढलीस.

मी विसरलेच होते. विसरले होते म्हणजे, आठवायचं टाळत होते. तू घर सोडलंस त्या वर्षी मी तुला कागदावर तीन पत्रं लिहिली होती. पेनने, चार-चार पानं. ज्या बहिणीला दिसत नाही तिला.

"फोनला दाखवली होती," तू म्हणालीस. "तुझं अक्षर त्याला लागलं नाही, काहीतरी भलतंच बोलला. आणि दुसऱ्या कुणाला वाचायला द्यावीशी वाटली नाहीत. घरातलं भांडण लोकांच्या तोंडून कशाला ऐकायचं?"

"सहा वर्षं तशीच आहेत?"

"तशीच. वाच."

मी म्हटलं, त्यात काय आहे ते आता तुला माहीत आहे, खोटं आहे त्यात. तू म्हणालीस, "माझ्या नावाने आलेलं आहे. मला ऐकायचंय."

मी पाकिटं फोडली आणि वाचली. तिन्ही. 'चुकून दाबलं गेलं' हे दोन पत्रांत मिळून पाच वेळा आलं. प्रत्येक वेळी मी ते वाचलं. 'तू मला समजून घेत नाहीस' हे वाचलं. सगळं ऐकून तू पत्रं परत पाकिटांत घातलीस, पिशवीत ठेवलीस, आणि म्हणालीस, "बरं." रिक्षात बसताना माझा हात तू आपण होऊन धरलास. 'झालं ते झालं' असं काही म्हणाली नाहीस. मीही विचारलं नाही.

तू गेल्यापासून अप्पा दोनदा म्हणाले, आता सगळं ठीक झालं ना? मी मान हलवते. ठीक झालंय का, मला माहीत नाही. पण एक मला माहीत आहे आणि तुला नाही, म्हणून हे पत्र.

मी सगळं वाचलं नाही.

दुसऱ्या पत्रात, तिसऱ्या पानावर, 'हवं तर आईला विचार' या वाक्यानंतर मी एक श्वास घेतला आणि त्याच्या पुढचं न वाचता त्याच्याही पुढे गेले. तू मान जराशी वळवलीस. कळलं म्हणून की डास होता म्हणून, मला सांगता येणार नाही. पुन्हा तेच केलं मी, अक्का. तुझ्यासमोर बसून, तुझाच कागद हातात घेऊन. या वेळी कारण मात्र मला एकच सापडतं. लाज वाटली.

तिथे असं आहे. एक शब्दही बदलत नाही:

'तू रायचूरला एकटी जाऊन काय करणार होतीस? तुझे कागदसुद्धा दुसऱ्यालाच वाचावे लागतात.'

आता तिन्ही पत्रं तुझ्याकडे पुरती पोचली.

दीपू